हळू पळणाऱ्यांनो, इकडे या

गेल्या रविवारी पुण्यात तळजाई टेकडीच्या चढावर एक आजोबा मला मागे टाकून गेले. ते चालत होते, मी पळत होते. म्हणजे माझ्या मते पळत होते. वळून म्हणाले, "दमलीस का गं?" दमले नव्हते हो! किलोमीटरला नऊ मिनिटं हाच माझा वेग. तीन वर्षांत त्यात दहा सेकंद सुधारणा झाली, तीही बहुतेक घड्याळ बदललं म्हणून.

धाप न लागता शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकंच पळायचं, हे कळल्यापासून मी खूश आहे. तुमच्यापैकी कोण कोण असं रमतगमत पळतं? लिहा की. वेग वाढवायच्या टिपा मात्र नकोत.

दादरहून
रोज शिवाजी पार्काला फेऱ्या. मुंबई मॅरेथॉनची अर्धी, म्हणजे 21.097 किलोमीटर, तीन तास बारा मिनिटांत केली. हाजी अली सोडलं की पेडर रोडचा चढ येतो, तिथे माझे पाय संपावर गेले. फुटपाथवर एक काकू स्टीलच्या डब्यात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. एकेक फोड उकलून बिया काढलेल्या. म्हणाल्या, "गिळ बिनधास्त, बी लागणार नाही." मी तीन खाल्ल्या, वर त्यांच्या नातवाची दहावी कशी चाललीय तेही ऐकलं. तीन तास पंधरा झाले असते तरी चाललं असतं.

नागपूरहून
मे महिन्यात पहाटे पाचला निघालो तरी घामाची आंघोळ होते, वेगाची हौस कुणाला! फुटाळा तलावाला एक चक्कर, मग तर्री-पोहे. कशासाठी पळतो हे बायकोला ठाऊक आहे.

साताऱ्याहून
आमच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचं. आम्ही अजून चढतोय तोवर पहिले नंबर खाली सुसाट येताना दिसतात. मी बाजूला सरून टाळ्या वाजवतो. तेवढाच दम खाता येतो, आणि लोकांना वाटतं काय खिलाडू माणूस आहे!

ठाण्याहून
सगळं गोड नसतं हं. एका शर्यतीत (नाव नको) मी पोचले तोवर पाण्याची टेबलं उचलत होते. रस्ताभर चेपलेले कागदी पेले, केळ्याची सालं. मागून मागे राहिलेल्यांना उचलणारी बस, आत बसायचा आग्रह. फी तर सगळ्यांकडून सारखीच घेतात ना?

लंडनहून
ठाणेकर, तुम्ही इकडे या. दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन असतं, पाच किलोमीटर, फुकट. 2004 मध्ये बुशी पार्कात 13 जणांनी सुरू केलं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो, त्याला टेल वॉकर म्हणतात. त्यामुळे शेवटचा नंबर कायम त्याचाच. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. सलवार-कमीज, खाली माझे बूट, तेही अर्धा नंबर मोठे, म्हणून पुढे कापूस कोंबलेला. तासाभराने पोचल्या त्या टेल वॉकरकाकांशी बोलत. यांना इंग्रजी येईना, काकांना मराठी, तरी बोलणं थांबेना. आल्या आल्या विचारलं, "शेवटची का गं मी?" म्हटलं, "नाही आई, ते काका तुमच्या मागे होते." इतक्या खूश झाल्या की वेळ नोंदवायचा बारकोडचा कागद देव्हाऱ्यात ठेवायला निघाल्या होत्या.

पुन्हा मीच, पुण्याहून
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा! आणि ठाणेकर, फीचं अगदी खरंय.
आज तळजाईवर तेच आजोबा भेटले. झाडीत मोर होता, तो रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही दोघंही उभे राहिलो. तो काही घाईत नव्हता. घड्याळ थांबवायचं राहिलं, त्यामुळे आजचा वेग किलोमीटरला अठरा मिनिटं.