कौन्सिलचा जुना पार्क लीजवर चाललाय, सुरुवात कुठून करू?

मीनल_एअरशायर
नमस्कार मंडळी. स्कॉटलंडमध्ये येऊन सहा वर्षं झाली. घराजवळ एक जुनी इस्टेट आहे, आता कौन्सिलच्या मालकीचा कंट्री पार्क. मधे वाडा, मागे उंच भिंतीआडची बाग, आणि बीच जातीचे जुने वृक्ष असे की दोघांच्या कवेत येत नाहीत. आई इकडे आली की त्याच झाडांखाली बाकावर बसून जप करते. परवा फाटकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस दिसली: वाडा आणि भोवतालची जमीन लांब मुदतीच्या लीजवर हॉटेलसाठी द्यायचा विचार आहे, हरकती चार आठवड्यांत पाठवा. सभेला गेले तर आम्ही तेरा जण. भांडायची तयारी आहे, पण नेमकं काय धरून भांडायचं ते कळेना. कुणाला अनुभव?

क्लाइडकाठी
मीनलताई, सह्यांचं नंतर बघा, आधी दस्त काढा. इस्टेट कौन्सिलकडे आली कशी, विकत की दान? देताना अट काय घातली?

मी ग्लासगोत पोलॉक कंट्री पार्कच्या कडेला १९९३ पासून राहतोय, म्हणून सांगतो. तिथले सर जॉन स्टर्लिंग मॅक्सवेल यांनी १९३९ सालीच नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेशी करार करून ती जमीन राखून ठेवली. असा हा पहिलाच करार. पुढे १९६६ मध्ये त्यांच्या मुलीने, अ‍ॅन मॅक्सवेल मॅकडोनाल्ड यांनी, वाडा आणि ३६१ एकर शहराला देऊन टाकले. २००८ मध्ये तिथल्या झाडांवर दोर बांधून तिकीट लावून खेळ चालवायला एका कंपनीला परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या हातात हीच गोष्ट होती: हे शहरातल्या लोकांना दिलेलं आहे. हायलँड गाईंच्या कुंपणापाशी मी पत्रकं वाटत होतो. पाऊस होता, शाई ओघळत होती. एका बाईने ओला कागद बाबागाडीच्या टपावर पसरला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग माझ्याकडून आणखी दहा मागून घेतले. विरोध इतका वाढला की कंपनीनेच बेत सोडला.

पण खोटी आशा लावणार नाही. १९९४-९५ मध्ये एम-७७ रस्ता याच इस्टेटीतून काढला. पोलॉकच्याच कॉलिन मॅक्लाउडने झाडांवर मुक्काम ठोकला, भोवती पोलॉक फ्री स्टेट नावाची वस्ती उभी राहिली, शाळेतली पोरं वर्ग सोडून आली. कुदळ घेऊन आंदोलकांच्या अंगावर गेलेल्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. तरी रस्ता झालाच. वारा पश्चिमेकडून असला की तो आजही ऐकू येतो आणि मला अजून राग येतो. त्या लोकांनी नंतर गोव्हनमध्ये होड्या बांधायची गॅलगेल ही संस्था काढली, ती अजून आहे.

दस्तऐवज_प्रेमी
वरच्या मुद्द्याला पुरवणी. जुने दस्त एडिंबरोच्या रजिस्टर ऑफ सॅसिन्समध्ये, म्हणजे जमिनीच्या व्यवहारांच्या जुन्या नोंदवहीत, मिळतील, ते १६१७ पासूनचं आहे. शिवाय कौन्सिलची 'कॉमन गुड', म्हणजे तिथल्या लोकांच्या हितासाठी राखलेल्या, मालमत्तेची यादी बघा. २०१५ च्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट कायद्याने ती जाहीर करावीच लागते. तुमचा पार्क त्यात असेल, तर तो कुणाला द्यायच्या आधी कौन्सिलने प्रस्ताव जाहीर करायचा, कम्युनिटी कौन्सिलला (तिथल्या रहिवाशांच्या मंडळाला) कळवायचं आणि आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या. काही जमिनींना तर कोर्टाची परवानगी लागते. यादीत नाव नसेल तर ते का नाही, हे लेखी विचारा. फोनवर नको, लेखीच.

मीनल_एअरशायर
काका, दादा, मनापासून आभार. आज सकाळी यादी उघडली. वाडा नाही, पण भिंतीआडची बाग आहे! पत्र टाकलंय. आई म्हणते, तिचा बाक कुठल्या बाजूला येतो ते आधी नकाशात बघ. उद्या टेप घेऊन जातेय.