मदत हवी आहे: अमेरिकेत डेंटल ॲनेस्थेशियाची (दातांच्या कामासाठी भूल देण्याची) रेसिडेन्सी करावी का? (पुढे भारतात परतायचं असेल तर?)

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर आणि डेंटिस्ट दोन्ही बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी मुंबईत बीडीएस केलं. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, आयएनबीडीई (इथली डेंटिस्टची राष्ट्रीय परीक्षा) दिली आणि आता ॲडव्हान्स्ड स्टँडिंगमधून (बाहेर शिकून आलेल्या डेंटिस्टना थेट वरच्या वर्गात प्रवेश) डीडीएस, म्हणजे इथली दंतवैद्यकाची पदवी, करतेय. ग्रीनकार्ड आहे, त्यामुळे व्हिसाची कटकट नाही. कर्ज आहे, भरपूर. डिग्री मिळाली की एखाद्या क्लिनिकमध्ये नोकरी धरायची आणि हप्ते फेडायचे, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलंय. मीही धरलं होतं.

पेडोच्या (लहान मुलांच्या दातांच्या) पोस्टिंगमध्ये ओआरला (ऑपरेशन थिएटरला) जायला लागल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. तिथे भूल देणाऱ्या मॅडम स्वतः डेंटिस्ट आहेत. तीन-चार वर्षांचं किडक्या दातांचं पोर, मास्कवर सेवोफ्लुरेन (हुंगवायचं भुलीचं औषध), मग नाकातून श्वासाची नळी (तोंड आम्हाला काम करायला मोकळं हवं ना), घशात गॉझ, आणि पुढचा दीड तास त्या डोक्याशी उभ्या. माझं लक्ष क्राउनपेक्षा त्यांच्या मॉनिटरवर जास्त. सेरेब्रल पाल्सीचे, ऑटिझमचे मोठे पेशंटही येतात, ज्यांना खुर्चीत बसवून साधं क्लीनिंगही करता येत नाही.

‘डेंटिस्ट आणि भूल?’ असं आमच्या घरीही झालं. खरं तर १८४४ मध्ये हार्टफर्डला नायट्रस ऑक्साइड घेऊन स्वतःची दाढ काढून घेणारा होरेस वेल्स आणि १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक करणारा मॉर्टन, दोघंही दातांचेच डॉक्टर. तरी अमेरिकेत ही वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्य व्हायला २०१९ चा मार्च उजाडला. २०१२ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेने प्रस्ताव फेटाळला होता. ओरल सर्जन स्वतःच भूल देतात आणि स्वतःच दाढ काढतात, त्यांना ही वेगळी चूल फारशी रुचली नव्हती म्हणे.

आता रेसिडेन्सीबद्दल. ३६ महिने. पूर्वी दोन वर्षांची होती. कोडाच्या (दंतशिक्षणाच्या कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) नियमाप्रमाणे डीप सिडेशन (खोल गुंगी) आणि जनरल (पूर्ण भूल) मिळून किमान ८०० केसेस, त्यात ३०० नळी घातलेल्या, त्यातल्या ५० नाकातून, शिवाय ७ वर्षं वा त्याखालची १२५ मुलं आणि ७५ विशेष गरजा असलेले पेशंट. अर्ज ‘पास’ या सामायिक अर्जपद्धतीतून, मग मॅच (दोन्हीकडचे पसंतीक्रम जुळवून जागा ठरवणं). पिट्सबर्ग, ओहायो स्टेट, स्टोनी ब्रूक, यूसीएलए अशी मोजकीच ठिकाणं, आणि जागाही मोजक्याच.

माझी अडचण वेगळीच आहे. आईबाबा सांगलीला आहेत, मी एकुलती. आणखी सात-आठ वर्षांनी परत जायचं असं नवऱ्याचं आणि माझं नक्की आहे. भारतात एमडीएसच्या (बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर पदवीच्या) नऊ शाखा आहेत आणि त्यात ही नाही. मग हे शिकून तिकडे उपयोग काय? आणि उपयोग नसेल तर इथली तीन वर्षं आणि त्या काळातलं व्याज अंगावर घ्यावं का? कुणी हे प्रशिक्षण घेतलंय, किंवा जवळून पाहिलंय? रेसिडेन्सीत लहान मूल असेल तर कसं जमतं? (आमचा चिरंजीव दोन वर्षांचा आहे.)

‘मनाचं ऐक’ असा सल्ला कृपया नको. मन काय म्हणतंय ते मला कळलंय.

झोपवणारी_मावशी

मी एमडी ॲनेस्थेशिया, नाशिक. स्पष्टच लिहिते, राग मानू नका. परत आल्यावर तुम्हाला इथे स्वतंत्रपणे जनरल भूल देता येणार नाही. ती ॲनेस्थेशियात एमडी, डीए, डीएनबी केलेल्या मेडिकल डॉक्टरांचीच. कितीही केसेस केल्या असल्या तरी तुम्ही इथे बीडीएस. काही विपरीत घडलं तर कोर्टात तुमची अमेरिकन सर्टिफिकेटं कुणी वाचणार नाही.

आमचं काम कसं चालतं ते तुम्हाला माहीत असेलच. आम्ही फ्रीलान्स, सकाळी सिझेरियन, दुपारी हाडाचं, संध्याकाळी डेंटिस्टचा फोन: “मॅडम, एक लहान मूल आहे, येता का?” गेल्यावर कळतं की सक्शन एकच, तेही डेंटल चेअरचं, आणि मुलाला आईने येताना अर्धा कप दूध पाजलंय. मी केस पुढे ढकलते, मग सगळेच माझ्यावर नाराज. नळी न घालता नुसत्या सिडेशनवर करा म्हणणारेही भेटतात. हँडपीसचं (दात कोरायच्या यंत्राचं) पाणी घशात उतरून लॅरिंगोस्पॅझम झाला (स्वरयंत्र आवळून श्वास अडला) की निस्तरणारी मी एकटी.

म्हणून उलटंही सांगते. दातांचं काम आतून माहीत असलेलं माणूस भूलतज्ज्ञाच्या बाजूला असेल तर फार फरक पडतो. तुम्ही परत येऊन सुया टोचणार नाही, पण विशेष मुलांसाठी नीट सेटअप उभा करू शकाल, कुठल्या केसला डेंटिस्टचं क्लिनिक चालेल आणि कुठल्याला हॉस्पिटलच हवं हे ठरवू शकाल. त्यासाठी तीन वर्षं घालवायची का, हा हिशोब मात्र तुमचा.

ओहायोकर

मी हीच रेसिडेन्सी केली आहे. कुठे ते नको. पहिलं वर्ष मेडिकलच्या ॲनेस्थेशिया रेसिडेंट्सबरोबर मेन ओआरमध्ये. हर्निया, गॉलब्लॅडर, ट्रॉमा, सगळं. तिथे तुम्ही डेंटिस्ट आहात याचं कुणाला कौतुक नसतं आणि सूटही नसते. आयसीयूचं रोटेशन आहे, ऑनकॉल आहेत. दोन वर्षांचं मूल असेल तर घरात दुसरं मोठं माणूस हवंच. आम्ही सासूबाईंना आळीपाळीने आणलं.

पगाराचं नीट विचारा. हॉस्पिटलशी जोडलेल्या ठिकाणी रेसिडेंटचा पगार असतो, सगळीकडे तसंच असेल असं धरू नका. व्याज तर चालूच राहतं.

नंतरचं आयुष्य कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. आमच्यातले बरेचजण क्लिनिक ते क्लिनिक फिरतात. मशीन, मॉनिटर, औषधं, डँट्रोलिनसकट (भुलीच्या एका दुर्मिळ, जीवघेण्या रिॲक्शनवरचं औषध) सगळं आपलं आपण गाडीत घालून. सोमवारी एका पेडोकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. मदतीला हाक मारायला शेजारच्या ओआरमध्ये सिनियर नसतो. हे ज्यांना पेलतं त्यांना काम फार आवडतं. आधी कुणाबरोबर तरी असे फिरतीचे दिवस काढून बघा. हॉस्पिटलमधली भूल पाहून निर्णय घेऊ नका.

लेस्टरची_लेक

इथे यूकेत २००१ च्या अखेरीपासून डेंटल क्लिनिकमध्ये जनरल भूल बंदच आहे, फक्त हॉस्पिटलात, आणि देणारे मेडिकलवाले. तेव्हा ही डिग्री घेऊन इकडेही येऊ नका. :) कॅनडात ओंटारिओमध्ये आहे, टोरांटोला कोर्स चालतो. जपानातही आहे, पण तिथे जपानी लागेल.

बंड्या_बे_एरिया

आमच्याकडे डेंटिस्टने नुसतं एस्टिमेट दाखवलं तरी भूल लागते. वेगळा डॉक्टर कशाला?

आईपण_भारी

रानजाई, माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, तेरा वर्षांचा. दाढ सुजलेली आणि हॉस्पिटलची तारीख काही महिन्यांनंतरची. त्या काळात तो भिंतीवर डोकं आपटायचा, बोलून सांगता येत नाही ना. शेवटी ओहायोकर म्हणतात तशा फिरत्या डॉक्टर मिळाल्या, त्यांनी डेंटिस्टच्याच क्लिनिकमध्ये झोपवून एका बैठकीत चार दात केले. मेडिकल इन्शुरन्स म्हणतो दाताचं आहे, डेंटल म्हणतो भुलीचं आहे. खिशातून गेले. तुमच्या कर्जाबद्दल मला काही कळत नाही, एवढंच सांगायचं होतं.

रानजाई

सगळ्यांचे आभार. बंड्या, तुमचेही.

मावशी, राग कसला, हेच ऐकायचं होतं. ओहायोकर, फिरतीचे दिवस बघायचे तर विद्यार्थिनीला पेशंटच्या खोलीत उभं राहू देतात का, की त्यासाठी शाळेकडून पत्र लागतं? आणि नवऱ्याने आत्ताच विचारलंय: परतीचं दहा-बारा वर्षांवर नेलं तर कर्जाचं गणित बसतं का? तुम्ही किती वर्षांत मोकळे झालात हे विपूत (माझ्या विचारपुशीत) सांगितलंत तरी चालेल.