बर्फात अडकलेल्या जहाजावरची भयकथा: तपशील कुठवर खरे ठेवावेत?

प्रश्न (दर्यावर्दी): आर्क्टिकमधून वायव्य सागरी मार्ग शोधायला निघून बर्फात नाहीशा झालेल्या सर जॉन फ्रँकलिनच्या ब्रिटिश मोहिमेवर दीर्घकथा लिहितोय. 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं, १८४५, १२९ माणसं. बर्फावर एक जनावर फिरतंय, पण ते १८४७च्या हिवाळ्याआधी दाखवायचं नाही. तोवर भीती कशातून आणू? डबाबंद अन्नात उतरलेल्या शिशाने सगळे भ्रमिष्ट होतात, असं योजलंय. चालेल का?

कालवैद्य: शिशावर एवढा भार टाकू नका. १९८४ आणि १९८६मध्ये बीची बेटावर पुरलेली मोहिमेतल्या खलाशांची तीन प्रेतं उकरून तपासली, त्यांत शिसं भरपूर निघालं. पण त्या काळी इंग्लंडात ते कित्येकांच्या अंगात असायचंच, आणि नंतरच्या अभ्यासांनी त्याला मुख्य कारण मानलेलं नाही.

स्कर्व्ही घ्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. हाडांत तिच्या खुणा किती यावर वाद आहे, पण कथेला ती पुरून उरेल. लिंबाच्या रसाचा वाटा माणशी रोज एक औंस, जेमतेम ३० मिली, आणि साठवणीत त्यातलं क जीवनसत्त्व उतरत जातं. मग हिरड्या सुजून दातांवर चढतात. जुने व्रणही उघडतात, कारण ते धरून ठेवणारं कोलॅजेन हे प्रथिन शरीराला सतत नव्याने बनवावं लागतं. एखाद्या खलाशाच्या खांद्यावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा वार पुन्हा ओला होऊ द्या.

डोलकाठी: जहाजाचा वापर करा. हिवाळ्यात वरच्या डोलकाठ्या उतरवून डेकवर कनात ताणत, ऊब टिकावी म्हणून बर्फाचा थर पसरत. खाली साठेक माणसांचा श्वास तुळयांवर गोठतो आणि शेगडी पेटली की अंथरुणांवर ठिबकतो. बर्फाचा दाब वाढला की लाकूड करकरतं, दारं चौकटीत घट्ट बसतात. जहाजं अडकली त्या किंग विल्यम बेटाजवळ सूर्य दीड-दोन महिने उगवत नाही, पण दुपारी दक्षिणेला फिकट उजेड येतो. ठार काळोख लिहू नका.

कालवैद्य: तारखाही सांभाळा. फ्रँकलिन ११ जून १८४७लाच वारला, म्हणजे तुमच्या त्या हिवाळ्यात सूत्रं 'टेरर'चा कप्तान क्रोझियर याच्याकडे. २२ एप्रिल १८४८ला १०५ जणांनी जहाजं सोडली. १८५९मध्ये त्यांच्या शोधात गेलेल्या मॅक्लिंटॉकच्या पथकाला स्लेजवरची होडी सापडली: दोन्ही मिळून ६०० किलोंच्या वर, आत दोन सांगाडे, पुस्तकं, रेशमी रुमाल, १८ किलोंच्या आसपास चॉकलेट. होडीचं तोंड जहाजांकडे, परतीच्या वाटेवर.

डोलकाठी: आणि तिथल्या मूळ रहिवाशांना, इनुइटांना, गूढ सावल्या करू नका. उपाशी खलाशांनी मेलेल्यांचं मांस खाल्ल्याचं त्यांनीच सांगितलं. जॉन रे या संशोधक प्रवाशाने १८५४मध्ये ते कळवलं तेव्हा इंग्लंडात गहजब झाला. हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी पुढे त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. इनुइट पात्रं घ्याल तर नेमकं बघणारी, नेमकं सांगणारी माणसं घ्या.