मदत हवी आहे: मुलांच्या उपक्रमासाठी समितीवर माणसं कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा, शाहूपुरीत राहतो. आमच्याकडं ८वी ते १२वीच्या मुलामुलींसाठी दर रविवारी एक उपक्रम चालतो, कधी अजिंक्यताऱ्यावर साफसफाई, कधी प्रथमोपचार, कधी नुसत्या गप्पा. मुलं भरपूर येतात हो, अडतंय ते मोठ्यांच्यात. शिबिर, हिशोब आणि पालकसंपर्क अशा तीन समित्या केल्या, प्रत्येकीत पाच-सहा नावं, पण मागच्या मीटिंगला मी, एक काकू आणि चहाचा थर्मास एवढेच हजर. बाकीचे ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे!

हिशोब माझ्याच गळ्यात आहे, वहीत वडापावची बिलं टाचणीनं लावलीयत, त्यातल्या दोनांवर तर चटणीच सांडलीय, आकडाच वाचता येईना.

एनएसएसमध्ये (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) कसं दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, मी कॉलेजला असताना केलंय, तसं मोठ्यांनाही तासांचं बंधन घालावं का? की मग आहेत तेपण पळतील? दुसरं म्हणजे मुलांबरोबर मुक्कामी शिबिराला जाणाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी असं मला वाटतं, पण विषय काढला की लोक म्हणतात आमच्यावर विश्वास नाय का. पोरांचा मामला आहे, मी यात मागं हटणार नाय, पण कुणाला न दुखावता कसं सांगायचं? सांगली-कराडकडं कुणी असं काम करत असेल तर तुम्ही कसं जमवलं ते जरा सविस्तर सांगा राव.