नवशिक्याला स्मोकर कशाला?

खणखणीत कोळसा

गेल्या आठवड्यात इथे ‘कोळशावर भाजायला शिकताय? मग या 14 वस्तू घ्याच’ अशी यादी आली. पहिला मान ऑफसेट स्मोकरला, म्हणजे आग शेजारच्या पेटीत आणि मांस धुराच्या आडव्या पेटीत. मग रिब रॅक, मांस पिंजायचे वाघनखी पंजे, मसाला टोचायची सुई, भिजवायच्या लाकडी चिपा, तारांचा ब्रश, दिवा लावलेला चिमटा. थर्मामीटर तेरावा, तोही ‘जमल्यास’. चौदावा एप्रन. कोळसा कुठला घ्यायचा, यावर एक ओळ नाही. ज्याच्यावर सगळं भाजायचं तोच गायब! म्हणून हा धागा.

स्वस्तातल्या ऑफसेटचा पत्रा एक-दीड मिलिमीटरचा असतो. लाकडाच्या आगीवर तासन् तास एकसारखी आच धरायची तर पाच-सहा मिलिमीटरची प्लेट लागते. पातळ पत्रा उष्णता साठवत नाही, झाकणाच्या फटीतून धूर गळतो, आगीकडची बाजू करपते आणि दुसरं टोक कोमट. दर पाऊण तासाला उठून लाकूड सारायचं. नवशिक्या हे दोनदा करेल, तिसऱ्या वेळी त्यात तुळस लावेल.

आधी कोळसा बघा. बाभळीचा, मुठीएवढ्या तुकड्यांचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजला पाहिजे. बद्द वाजला तर ओला किंवा कच्चा. फोडल्यावर आतून तपकिरी निघाला तर ते अर्धं लाकूडच आहे, धुरानं डोळे फोडणार. गोणीच्या तळचा चुरा चाळून बाजूला काढा, हवेची वाट तोच बुजवतो. दगडी कोळसा अन्नाखाली नको, त्यात गंधक असतं. चटकन पेटणाऱ्या हुक्क्याच्या गोळ्याही नकोत.

मग चिमणी स्टार्टर: काळ्या पत्र्याचं 18 सेंमी रुंद, 30 सेंमी उंच नळकांडं, तळापासून 8 सेंमीवर जाळी, खाली चौफेर भोकं. कागदाचे दोन बोळे, त्यावर चार थेंब गोडेतेल. 15-20 मिनिटांत वरच्या कोळशावर राख धरते, मग ओता. रॉकेल लागत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र वापरू नका, जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो.

उरलं काय, तर थर्मामीटर, हातभर लांब चिमटा, वेल्डिंगचे चामडी हातमोजे (कोरडे, ओल्या मोज्यातून वाफेचा चटका बसतो), चौकोनी सळया (गोल सळईवर बोटी जागच्या जागी फिरते, एकच बाजू भाजते) आणि राखेला झाकणाची लोखंडी बादली. शेगडी घरात असेलच. स्मोकर नंतर बघू.

बंद झाकण

कोळशाचं पटलं. शेगडीपाशी गाडी घसरली. उघड्या शेगडीवर लेगपीस लावा: बाहेर काळा, हाडाशी लाल. उष्णता फक्त खालून येते आणि कोळसा बाजूला सारायला जागाच नसते. नवशिक्याची निम्मी फजिती इथेच होते, आणि तुम्ही त्याला तिथेच बसवताय.

लागतं ते झाकण, खाली-वर झडपा असलेलं. 57 सेंमीचा केटल ग्रिल घ्या, म्हणजे घुमटासारख्या झाकणाची गोल शेगडी. जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये शिकागोकडे धातूचा बोया (पाण्यात खुणेसाठी तरंगता ठेवतात तो गोळा) कापून पहिला केटल केला, कारण उघड्या ग्रिलवर वारा आणि राख सोसवेना. कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकणाची झडप मांसाच्या वर. वरची झडप पूर्ण उघडी, आच खालच्या झडपेनं कमी-जास्त करायची. वरची बंद केली तर धूर आत कुजतो आणि मांसाला डांबरासारखी कडू चव येते. यातच स्मोकरही झाला. वेगळा कशाला?

आगटी

दोघेही दुकान मांडून बसलात. पौषात शेतात जाऊन बघा. वीतभर खड्डा, शेण्यांचा आर, त्यात गुळभेंडीची कणसं. भाजली की चोळा, शेंगाचटणीसंगट खा. ना झडप, ना चिमणी, ना थर्मामीटर. सोलापुरात विजापूर वेशीतले सीखवाले उघड्या भट्टीवर रमजानभर हजारो सीख काढतात. त्यांना कोणी शिकागो सांगितलं का बे?

बंद झाकण

अण्णा, हुरडा दोन-चार मिनिटांचा आणि सीख बोटभर जाडीची. तिथे उघडी आचच हवी. फऱ्याचा, म्हणजे खांद्याचा, दीड किलोचा तुकडा त्या भट्टीवर ठेवा आणि मग बोला. जाडी बदलली की चूल बदलते.

आणि सीखवाल्याच्या हातात पंखा असतो तो काय शोभेला? ती त्याची झडपच. माणूस हवाच सांभाळत असतो, कुठेही गेलात तरी.

धूर पाहिजेच

यादी माझी. ‘तुळस लावेल’ वगैरे लिहून टाळ्या मिळतात, शिकायला काही मिळत नाही. ज्याला धुराची चव हवी त्यानं स्मोकर घ्यायचा नाही तर काय घ्यायचं? वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडायचं? तो धुंगार. पाच मिनिटांत वास लागतो, तोही वरवर. मांसाच्या पृष्ठभागाखाली धुरानं येते ती गुलाबी कड येत नाही.

आणि महाग म्हणून रडायचं कारण नाही. सोलापूरसारखं सरपण कुणाकडे आहे? पंढरपूर भागात छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात. युरोपात याच काड्यांवर मटण भाजतात. फुकट आणा, भिजवा, टाका.

छाटणी

थांबा. हे वाचून उद्या कोणी खरंच पोतं भरून आणेल.

एप्रिलच्या खरड छाटणीत निघणारी काडी म्हणजे ऑक्टोबरमध्ये डोळे फुटावेत म्हणून जिच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड चोपडलं ती, आणि त्यानंतर फळ निघेपर्यंतचे सगळे फवारे खाल्लेली. ऑक्टोबरच्या फळछाटणीतली काडी पावसाळाभर बोर्डो, करपा-केवड्याची औषधं पिऊन असते. युरोपातल्या काडीचं मला सांगू नका, इथला फवारा वेगळा, पाऊस वेगळा. तेच डाळिंबाचं. सांगोल्याची डाळिंबाची फांदी म्हणून कौतुकानं जाळू नका, पानगळीपासून तेल्यापर्यंत तिच्यावर काय काय मारलेलं असतं ते बागायतदारालाच विचारा.

धूर पाहिजेच

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. तांबं धुरात जात नाही, राखेत राहतं. शाळेतलं रसायनशास्त्र.

छाटणी

तांब्यापुरतं मान्य. शाळेत पुढचा धडा आंतरप्रवाही बुरशीनाशकांचा असतो, तो चुकला वाटतं. ती सालीच्या आत असतात आणि ती सेंद्रिय संयुगं आहेत. जळताना त्यांचं काय होतं हे तुम्ही नवशिक्याच्या ताटात तपासणार?

खणखणीत कोळसा

धागा काडीवर गेला, पण गेलाच आहे तर नीट तरी जाऊ द्या.

आंबा, पेरू, बोर, चिंच: फवारा नसलेल्या परसातल्या झाडाची, सहा महिने वाळलेली फांदी. कडुनिंब नाही, कडवट धूर. खोक्याच्या फळ्या नाहीत. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, ‘एमबी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडनं धुरावलेलं. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं, तरी त्यावर काय सांडलं होतं कुणाला ठाऊक. रंग, वार्निश, प्लायवूड तर सोडाच.

आणि ते ‘भिजवा’ कृपा करून बंद करा. वाळलेल्या चिपेत पाणी वरच्या पापुद्र्यापुरतंच मुरतं. ते उडेपर्यंत नुसती वाफ, कोळसा गार, नंतर चीप तशीच जळते. चिपा नकोतच. मुठीएवढे दोन ठोकळे, कोरडे, निखाऱ्याच्या कडेला. धूर पातळ निळसर दिसला पाहिजे. पांढरा, जाड लोट येतोय म्हणजे लाकडाला हवा कमी पडतेय, मांस आत ठेवू नका.

आगटी

आणि वेडी बाभूळ? गावोगाव माजली आहे. तिचं कुणी नाव घेईना. गरिबाचं झाड म्हणून?

बंद झाकण

तिच्या टेक्सासमधल्या भावकीला तिथे मेस्किट म्हणतात, तिच्या धुरावर लोक जीव टाकतात. दोन्ही प्रोसोपिस प्रजातीतल्या. म्हणजे अण्णा, नकळत का होईना, तुमचं बरोबर. फक्त तिचा धूर उग्र असतो. कोंबडी धूर पटकन ओढते, तिला एकच ठोकळा. सहा तासांच्या मटणाला हे लाकूड भरभरून घातलंत तर खाताना घशाशी येईल. तिचा कोळसा मात्र झकास, आच कडक.

आगटी

‘नकळत का होईना’ म्हणे! लई उपकार झाले.

ड्रम बे

सगळे बाजारातून घ्यायचं बोलताय. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले ढिगानं असताना ड्रम करून घ्या की बे. 200 लिटरचा लोखंडी ड्रम, खाद्यतेलाचा असेल तर उत्तम, केमिकलचा कदापि नाही. आत लाल-तपकिरी अस्तर असतं ते लाकडाची मोठी आग करून जाळायचं, मग ग्राइंडरला तारेची वाटी लावून चकचकीत धातूपर्यंत घासायचं. ही पायरी गाळली तर अस्तर मांसात. तळापासून 5 सेंमीवर 20 मिमीची चार भोकं, तीन झाकता येतील अशी. वरच्या झाकणाला 13 मिमीची आठ. कोळशाची टोपली तळाच्या 7-8 सेंमी वर, जाळी कोळशापासून 60 सेंमीवर. 57 सेंमी केटलची जाळी यात चपखल बसते. टोपली भरायची आणि वर दहा-बारा पेटते निखारेच टाकायचे, आग वरून खाली उतरते. रोख 110 ते 130 अंश.

फसतं ते इथे: तापमान चढू दिलं की खाली आणता येत नाही. 100 अंशांलाच भोकं मिटायला घ्यायची. आणि सारखं झाकण उघडलं की हवा आत, कोळसा भडकला.

ब्रिकेटचंही एक. बॉयलरसाठी मिळतात त्या कांड्या, ज्याला पांढरा कोळसा म्हणतात, तो भुसा नाहीतर बगॅस दाबून केलेला असतो. कोळसा नाहीच तो, नुसता धूर ओकतो. स्वस्त दिसला म्हणून उचलू नका.

धूर पाहिजेच

म्हणजे ड्रम चालतो आणि माझा ऑफसेट चालत नाही. आडवा काय, उभा काय, स्मोकर तो स्मोकरच ना?

खणखणीत कोळसा

नाही. ड्रममध्ये आग मांसाच्या खाली असते, कोळसा एकदाच भरायचा आणि हवा फक्त चार भोकांतून येते. ऑफसेटमध्ये आग शेजारच्या पेटीत, दर वेळी नवं लाकूड. नवशिक्याला सांभाळायला भोकं सोपी, लाकूड अवघड. पत्र्याच्या जाडीबद्दल तुम्ही अजून एक अक्षर बोलला नाहीत.

आणि ज्या मटणासाठी हा खटाटोप, ते बघा. उस्मानाबादी बोकडाला चरबी कमी. परदेशी रेसिपी वाचून मांडी 95 अंशांपर्यंत नेलीत तर चामडं खाल. फऱ्यात संयोजी ऊती जास्त, तो 90-95 ला मऊ होतो, तोही 70 च्या आसपास अडकतो. पृष्ठभागावरचं पाणी उडतं, त्यानं मांस गार राहतं, काटा तास-दीड तास हलत नाही. घाबरून कोळसा वाढवू नका, फॉइलमध्ये गुंडाळा. कोंबडी 74. हे सगळं थर्मामीटरशिवाय कळणार कसं? तरी तो तेरावा!

तो तपासूनही घ्या. बर्फाच्या पाण्यात 0. उकळत्या पाण्यात 100 दाखवत नाही म्हणून परत करू नका, सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं. झाकणावरच्या घड्याळावर विसंबू नका, ते घुमटातली हवा मोजतं, जाळीवर दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो.

आगटी

मे महिन्यात बाहेरच 42 असतं. कोळसा कशाला, गच्चीवर ठेवा नुसतं.

बंद झाकण

हसण्यावारी नेऊ नका. 32 च्या वर हवा असली की कच्चं मटण बाहेर एका तासाच्या वर ठेवू नये. मसाला लावलेलं पातेलं आधी गच्चीवर नेऊन मग चिमणी पेटवणारे भरपूर. आधी निखारे, मग पातेलं. आणि बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धूर पाहिजेच

ठीक. यादी बदलली. थर्मामीटर पहिला, चिमणी दुसरी, काड्या गेल्या, भिजवणं गेलं. तारांचा ब्रशही काढला, तार तुटून जाळीला चिकटते आणि घासाबरोबर पोटात जाते. अर्धा कांदा काट्यात खुपसून गरम जाळीवर घासा. ऑफसेट शेवटी टाकलाय, ‘पाच मिमी पत्रा असेल तरच’. पंजे मात्र ठेवणार. झालं समाधान?

छाटणी

काड्या गेल्या ना, बास.

ड्रम बे

राखेचं राहिलं. चोवीस तास बादलीतच ठेवा, झाकण लावून. सकाळी घंटागाडीत टाकली आणि आत एक निखारा जिवंत असला की गाडी पेटते.

आगटी

एक विचारतो, चिडू नका. शेगडी आहेच घरात. तिच्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलं तर झाकणाचं काम होईल का?

बंद झाकण

शेगडी रुंद असेल तर होईल. निखारे अर्ध्या भागात, बोटी दुसऱ्या अर्ध्यात. पातेल्याच्या बुडाला एका कडेला 20 मिमीचं भोक पाडा, ते बोटींच्या वर आलं पाहिजे. जुनंच पातेलं घ्या, घरात विचारून. आणि एक बाजू निखाऱ्याला टेकू देऊ नका, ॲल्युमिनियम 660 ला वितळतं आणि फुंकलेला निखारा त्याच्या पुढे जातो.

आगटी

घरात विचारणं हेच अवघड आहे बे.