'पुनर्वसन' म्हणावं का? मोडलेली गल्ली पुन्हा उभी राहते तेव्हा

धरणाखालची :
एका अनुवादात अडकले आहे. लेख निकोसियावर आहे. सायप्रसची ही राजधानी १९७४ पासून ग्रीक आणि तुर्की अशा दोन भागांत पुरती दुभंगलेली आहे. मधल्या पट्ट्याला 'ग्रीन लाइन' म्हणतात, कारण १९६३ च्या डिसेंबरात एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानं ती नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं ओढली होती. त्या पट्ट्याला खेटून दोन जुने मोहल्ले आहेत, उत्तरेला अरबअहमत आणि दक्षिणेला ख्रिसालिनियोटिसा. तिथली पडकी घरं दुरुस्त केली, माणसं पुन्हा राहायला आली, हा लेखाचा गाभा. मी लिहिलं, 'लोकसहभागातून पुनर्वसन'.

वडिलांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "कुठं हलवलं त्यांना?"

आमचं मूळ गाव धरणात गेलं. आमच्या घरात 'पुनर्वसन' म्हणजे ट्रक, पत्र्याची शेड आणि नंबर टाकलेले प्लॉट. 'आम्ही पुनर्वसनात आलो' असंच सगळे बोलतात. त्याच जागी पुन्हा राहायला आलेल्या माणसांसाठी हा शब्द त्यांना पटेना, आणि आता मलाही पटत नाही. कोल्हापुरात राहून अनुवाद करतेय, त्यामुळं इथल्या कानाला काय वाटेल हेही बघायचंय.

शब्दार्थी :
शब्दाचा दोष नाही. पुनर् + वसन, पुन्हा वसणं. त्यात हलवणं कुठंच नाही. सरकारी कागदांनी अर्थ आकसवला म्हणून आपण शब्द सोडायचा का? फार तर 'पुनर्बांधणी' करा. आणि 'मोहल्ला' कशाला? 'वस्ती' आहे, 'पेठ' आहे.

बिंदू चौक :
मोहल्ला अरबी म्हणून नको, मग तालीमही अरबीच आहे. मूळ अर्थ शिक्षण. कोल्हापुरातनं तालीम काढा आणि गल्लीचं काय उरतं ते सांगा. गणपती तिथं, मोहरमचे पंजे तिथं, भांडण मिटवायची बैठकही तिथंच. माधव जूलियन आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसी-मराठी कोश त्यांनी केला आणि पुढं भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. इतक्या मोठ्या माणसालाही हा प्रश्न एका बाजूनं सुटला नाही.

शब्दार्थी :
पेठ कानडीतून आली असावी, तरी मी ती सुचवलीच. माझा विरोध परक्या शब्दाला नाही, हाताशी दुसरा असताना तो आणण्याला आहे.

उत्तरेश्वर :
आमच्या घरात वापरलेला शब्द सांगतो. १९४८ च्या जळितात आमचं घर गेलं. गांधीजींच्या खुनानंतरचं ते जळीत, जयप्रभा स्टुडिओही त्यातच जळाला. आजी 'दंगल' कधी म्हणाली नाही, 'जळीत'च म्हणायची. कुणी जाळलं हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण आडात टाकलेली तांब्याची भांडी कुणी वर काढून दिली ती नावं तिला पाठ होती. आणि पुढचं सांगताना तिचं वाक्य ठरलेलं असायचं : "मग हळूहळू घर नांदतं केलं." बांधलं नव्हे, वसवलं नव्हे, नांदतं केलं. भिंती उभ्या राहून दोन वर्षं झाली तरी घर नांदतं नव्हतं, असंही ती म्हणायची.

तुमच्या लेखाला 'नांदती गल्ली' चालेल का बघा.

धरणाखालची :
काका, अंगावर काटा आला. हाच शब्द घेते.

सावित्रीची लेक :
घेण्याआधी थांब गं. 'नांदणं' मला इतकं गोड लागत नाही. माझ्या बहिणीला तीनदा 'नांदायला' परत पाठवली. पंच बसले, चहा झाला, समेट झाला, आणि वळ कुणीच बघितले नाहीत. दंगलीनंतरही असंच होतं. ज्याचं दुकान फुटलं त्यालाच सांगतात, आता गुण्यागोविंदानं नांदा. 'नांदतं केलं' असं आजी स्वतः म्हणाली तर तो शब्द तिचा. दुसऱ्यानं सांगितलं की त्याचा हुकूम होतो. निकोसियाच्या लेखात ते कोण म्हणतंय?

उत्तरेश्वर :
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी आजीचा शब्द मी सोडणार नाही.

एसटीतला वाचक :
'पुनर्' चिकटवायलाच हवं का? बोस्नियातल्या मोस्तारचा पूल १५६६ चा. १९९३ च्या नोव्हेंबरात तोफांनी पाडला, २००४ ला तसाच बांधून खुला केला. लोक अजून त्याला 'स्तारी मोस्त'च म्हणतात, म्हणजे जुना पूल. वीसेक वर्षांचा पूल, आणि नाव जुना!

शब्दार्थी :
'लोकसहभाग' हाही मला खटकतो. निकोसियात सुरुवात लोकांनी केली नाही. लेल्लोस देमेत्रियादेस आणि मुस्तफा अकिंजी या दोन बाजूंच्या महापौरांनी आधी मैलापाण्याच्या एकाच जाळ्यावर सहमती केली. शुद्धीकरण केंद्र उत्तरेला, दक्षिणेतल्या घरांचं पाणीही तिकडंच. १९७९ पासूनचा शहराचा एकत्र आराखडा त्यातून पुढं आला. सहभाग म्हणजे दुसऱ्यानं मांडलेल्या कामात भाग घेणं. लोकच पुढं असतील तर 'लोकांच्या पुढाकारानं' लिहा. नसतील तर ते लिहू नका.

धरणाखालची :
हे खरंय. लेखात पुढं रवांडाही आहे, १९९४ च्या नरसंहारानंतरचा. तिथं 'उमुगांडा' असतो : महिन्याच्या शेवटच्या शनिवारी १८ ते ६५ वयाच्या धडधाकट माणसांनी रस्ते, गटारी, शाळांची कामं करायची. त्याला मी 'श्रमदान' लिहिलंय.

बिंदू चौक :
मर्जीवर आहे की कायद्यानं?

धरणाखालची :
कायद्यानं.

बिंदू चौक :
मग दान कसलं? आपल्याकडं त्याला वेठ म्हणायचे, आणि शाहू महाराजांनी ती कायद्यानं बंद केली.

शब्दार्थी :
वेठ खालच्यावर लादलेली असते. इथं सगळ्यांनाच यावं लागतं. तो शब्द अन्याय करेल.

कागल तालुका :
पैरा म्हणा की. आज मी तुमच्या रानात, उद्या तुम्ही माझ्या. पैसा नाही, पण फेडायचा असतो. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गावातनं दोन ट्रॉल्या माणसं शिरोळकडं गाळ काढायला गेली. दोन वर्षांनी माझ्या पुतणीच्या लग्नात मांडव घालायला सकाळी सकाळी सहा पोरं दारात. म्हणाली, पैरा फेडायला आलोय. आमच्या वहिनीला रडू आवरेना.

सावित्रीची लेक :
हा शब्द आवडला. यात कुणी उपकार करत नाही.

शब्दार्थी :
पण पैरा ओळखीत चालतो. भांडलेल्या दोघांत चालेल?

कागल तालुका :
बांधावरनं कोर्टात गेलेले भाऊ मी पैऱ्यानं भांगलताना बघितलेत. बोलत नव्हते, पण येत होते.

एसटीतला वाचक :
आमच्या आजोळी याला वारंगुळा म्हणत. इर्जिक वेगळी, ती एका दिवसाची आणि जेवण मालकाचं. शिरोळची ती पोरं 'पैरा'च म्हणाली का? तिकडं तोच शब्द आहे, की तुमच्या कानाला तसा ऐकू आला?

कागल तालुका :
पैराच म्हणाली. त्यातल्या एकाचा नंबर आहे, उद्या विचारून सांगतो.