अनुभव धागा: लाजर दारातच होता. घराजवळच्या सेवेचे अनुभव लिहा

वसईची_वाडी
रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बायबलमधल्या लूकच्या सोळाव्या अध्यायातला लाजर वाचला, श्रीमंताच्या दारात पडून असलेला भिकारी. त्या श्रीमंताने लाजरला मारलं नाही, हाकललं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. रोज त्याच्यावरून ये-जा मात्र केली. फादर म्हणाले, लाजर परगावचा नव्हता, दारातला होता. पुढचं प्रवचन मी ऐकलंच नाही, कारण मला आमच्या आळीतली आजी आठवली.

एकटी होती. कंबर मोडल्यापासून खाटेवर. आई शाळेच्या आधी मला तिच्याकडे पेजेचा डबा घेऊन पाठवायची. अट एकच: डबा ठेवून पळायचं नाही, ती जेवेपर्यंत बसायचं. आजीला पेजेपेक्षा केस विंचरून घ्यायची हौस. उशाखाली लाकडी फणी असायची, दोन दात तुटलेली. विंचरताना केस ओढला की ती माझ्या मनगटावर हळूच चापटी मारायची आणि मग वाडीतल्या केळीला घड आला का, रहाटाचं पाणी खाली गेलं का, सगळं विचारायची. पेज गार व्हायची. मला शाळेला उशीर व्हायचा आणि आईला ते चालायचं!

आई विन्सेंट दी पॉल सोसायटीत, म्हणजे चर्चमधल्या गरिबांना मदत करणाऱ्या गटात होती. आता मी आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन हे काम सुरू केलं. पद्धत अजून तीच आहे. आठवड्याला बैठक, घरभेटीला दोघा-दोघांनी जायचं. बैठकीत पिशवी फिरते, मूठ आत जाते, कुणी किती टाकले कुणाला कळत नाही. कुणाच्या घरी गेलो तेही बाहेर बोलायचं नाही. मला वाटतं पैशापेक्षा हे न बोलणंच जास्त उपयोगी पडतं. आळीत राहणाऱ्या माणसाला भुकेइतकीच चार लोकांत नाव होण्याची भीती असते.

तुम्हीही लिहा. घराजवळचंच लिहा.

नगरची_लेक
आजीची मूठ!! पीठ मळायला बसली की आधी एक मूठ डालड्याच्या डब्यात. "देवाची आधी" म्हणायची. रविवारी डबा चर्चला जायचा आणि पाळकांच्या बाई तो वस्तीतल्या ज्या घरी चूल थंड असेल तिथे पोचवायच्या. 72 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) मिळायचा ना, घशाखाली उतरत नसे म्हणतात. त्या मिलोच्या पिठाचीसुद्धा मूठ निघाली. माझी आई सांगते की एका आठवड्याला तो डबा आमच्याच घरी आला होता. आजीने घेतला. पुढच्या दिवशी त्यातलीच एक मूठ परत काढली.
बाळ उठलं. नंतर येते

सह्याद्री_ते_ऐझॉल
@नगरची_लेक अहो मी बँकेच्या बदलीवर मिझोराममध्ये होतो. तिथे हे घरोघरी चालतं! प्रत्येक वेळी भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला. बुहफाइ थाम म्हणतात. चर्चच्या बायका गोळा करतात, विकतात आणि त्यातून चर्चची कामं चालतात. घरमालकीण माझ्या खोलीत यायची आणि माझ्या कुकरमधलाही वाटा काढायची, मी हिंदू असून. मला फार आवडायचं ते. आपलं समजल्यासारखं.

कुकरची_शिट्टी
मिलो म्हणजे तो अमेरिकेतून आलेला ना? माझे सासरे अजून नाव काढलं की तोंड वाकडं करतात

नगरची_लेक
तोच 😀

मिरजेचा_नातू
आजोबा वॉनलेस हॉस्पिटलात वॉर्डबॉय. हॉस्पिटल 1894 चं, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेलं. क्षयाच्या रोग्यांसाठी मिरज-सांगली रस्त्यावर जागा घेतली ती आता वानलेसवाडी. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं की पेशंटबरोबर कर्नाटकातून येणारी माणसं झोपायची कुठे? व्हरांड्यात, झाडाखाली. आजोबा ड्यूटी संपली की त्यातलं एखादं बाईमाणूस, लेकरू असलेलं, घरी घेऊन यायचे. दोन खोल्यांचं घर. आजीला कानडी येत नव्हतं, तरी "स्नाना" आणि "ऊटा" एवढ्यावर भागवायची. आंघोळीचं गरम पाणी, भाकरी, आणि अंथरुणावर आडवं व्हायला जागा. सकाळी बाई परत वॉर्डात. आमच्या घरी नाताळला अथणीहून वर्षानुवर्षं गूळ यायचा, पाठवणाऱ्याचं तोंडसुद्धा आम्हा नातवंडांनी कधी पाहिलं नाही.

तंबोऱ्याची_तार
मिरज म्हटलं की मी आलोच. सतारमेकर गल्लीत कधी काळी भाड्याने राहायचो. वॉनलेसमध्येच माझा मोठा मुलगा झाला. तुमच्या आजोबांनी उचलला असेल त्याला!

मिरजेचा_नातू
कुठलं साल?

तंबोऱ्याची_तार
81

मिरजेचा_नातू
मग नक्कीच. 84 ला रिटायर झाले

कोथरूडकर_काका
सगळं वाचतोय, छान लिहिताय. एक मनातलं विचारतो, राग नसावा. अशा मदतीमागे धर्म वाढवण्याचा हेतू असतो असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तुमचं काय म्हणणं?

वसईची_वाडी
काका, राग कसला. आमच्या यादीत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, धर्म विचारायची रीतच नाही. किराण्याच्या पिशवीत पत्रक नसतं. मी प्रार्थना करते ती घरी, त्यांच्या नावाने. माझी श्रद्धा मला त्या दारापर्यंत नेते. दारात गेल्यावर त्यांना काय हवंय तेच बघायचं.

श्रीरामपूरचा_मास्तर
काका, मीही सांगतो. माझे पणजोबा छप्पन्याच्या (1899-1900 च्या) दुष्काळात मिशनच्या छावणीत आले. भाकरीसाठी ख्रिस्ती झाले म्हणून आमच्या तीन पिढ्यांनी टोमणे खाल्ले. भाकरीसाठी आले असतील. पोटात आग होती. पण गावात ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या त्यांनी दार का उघडलं नाही, हे कुणी विचारत नाही. त्यांना भाकरी मिळाली, ती देणाऱ्याच्या शेजारी बसून मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी पाटी-पेन्सिल. त्याच पाटीवर मी मास्तर झालो.

आता माझं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, मोठी पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीत राहते. आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही काही जण संध्याकाळी कंदील आणि फळा घेऊन जातो. सुरुवातीला मी कविता शिकवायला गेलो तर एक पोरगी म्हणाली, सर, आधी मला काट्याची पावती वाचायला शिकवा. म्हणजे तिच्या बापाचा ऊस किती टन भरला ते तिला वाचता येईल. तेव्हापासून आमचा पहिला धडा पावतीचा. तारीख, गाडी नंबर, वजन. ती पोरगी आता टोळीतल्या सगळ्यांच्या पावत्या वाचते आणि मुकादमासमोर आकडा मोठ्याने सांगते.

कोथरूडकर_काका
मास्तर, नमस्कार करतो तुम्हाला. वह्या लागत असतील तर सांगा.

श्रीरामपूरचा_मास्तर
लागतात. मोठ्या चौकोनांच्या. आणि कंदिलाऐवजी चार्जिंगचे दिवे मिळाले तर फार बरं.

गोंयची_सून
माझं सासर गोव्यातल्या साष्टीतलं. लग्नाआधी घरात भिकाऱ्यांचं जेवण घालायची रीत आहे, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने. गरिबांना बोलावून पंगत बसवायची, घरच्यांनी वाढायचं. मी वसईहून आलेली, मला नवीन होतं. सासूबाईंनी मला नवरी असूनही वाढायला लावलं, माझा रोस (आपल्या हळदीसारखा, लग्नाआधी नारळाचा रस लावतात तो) व्हायचा होता अजून. एक म्हातारा म्हणाला, बाय, मीठ कमी. सासूबाई स्वतः मीठ घेऊन धावल्या. पाहुण्याने म्हटलं असतं तरी तेवढ्याच धावल्या असत्या. हल्ली बरेच जण आश्रमात जेवण पाठवून देतात. तेही चांगलंच, पण मीठ कमी म्हणणारा समोर नसतो.

रोसची_आठवण
रोस!!! नारळाचं दूध डोक्यावरून ओततात आणि भाऊबंद अंडी फोडतात, माझ्या भावाचे डोळे दोन दिवस चुरचुरत होते 😂 फोटो टाका कुणीतरी

एकटी_सून_विरार
विषयाला धरून आहे का माहीत नाही. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. मी नोकरी सोडली. चर्चला जाऊन कित्येक महिने झाले, कारण त्यांना एकटं ठेवता येत नाही. आमच्याकडच्या एका प्रार्थनागटातल्या बाई म्हणाल्या, देवासाठी वेळ काढायला हवा. मी रात्री खूप रडले. दिवसाला चार वेळा चादर बदलते, त्या मला त्यांची आई समजतात, आणि मी अंगाईसुद्धा म्हणते. याच्याहून वेगळा वेळ मी कुठून आणू

वसईची_वाडी
अगं बाई. तू जे करतेस तीच आराधना आहे. त्या बाईंचं मनावर घेऊ नकोस. फादरना सांग, आजारी माणसांच्या घरी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन येतात, तुलाही मिळेल.

नगरची_लेक
मिठी तुला. खरंच.

बूथची_सिस्टर
@एकटी_सून पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदल, चादरीला सुरकुती ठेवू नकोस. आणि स्वतः झोप. मी नगरच्या बूथ हॉस्पिटलमध्ये कोविडच्या काळात होते, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं आमचं. किट घालून कुणाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी छातीवर मार्करने नाव लिहायचे. पेशंट नावाने हाक मारायचे. घरी जायची सोय नव्हती तेव्हा शेजारच्या मुसलमान भाभीने माझ्या पोरांना रोज जेवायला घातलं. मी शेजाऱ्यांची सेवा करत होते आणि माझे शेजारी माझी.

केडगावची_भाची
माझी मावशी अंध. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली गोळा करून तिथे आणल्या आणि त्यांच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, अंध मुलींसाठी ब्रेल सुरू केलं, ते मावशी अभिमानाने सांगायची. नंतर आमच्याकडे राहायला आली आणि वाड्यातल्या सगळ्या बाळंतिणींची पोरं तिच्या हातून न्हाली. बोटांनी बाळाचं पोट दाबून सांगायची, याला गॅस आहे, आईने हरभरा खाल्लाय. आणि खाल्लेलाच असायचा!

लेस्टरहून
इथे आमच्या चर्चच्या हॉलमध्ये फूडबँक चालते. मी शनिवारी डाळ-तांदळाचे पुडे बांधते. मागे एक मराठी मुलगा आला, विद्यार्थी, मान खाली घालून. मी मराठीत बोलल्यावर एकदम वर बघितलं. आता तो दर शनिवारी पुडे बांधायला येतो. शिफ्ट सुरू होतेय, पळते

केळीचं_सुकेळं
वसईचा धागा आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव नाही? 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते सगळ्यांनी पाहिलं. आम्हाला आठवतात ते हरित वसई चळवळीवाले. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जायला लागलं तेव्हा लोकांना रस्त्यावर आणलं, धमक्या आल्या तरी हटले नाहीत. शेजाऱ्याच्या विहिरीत पाणी राहावं म्हणून भांडणं हीसुद्धा सेवाच की. 2024 च्या जुलैत गेले. अंत्यविधीला सगळ्या जातीधर्माची माणसं.

वसईची_वाडी
बरोबर बोललात. आमच्या रहाटाचं पाणी मी वर लिहिलंय ते अशाच एका विहिरीचं.

नालासोपारा_पश्चिम
माफ करा, मधेच. वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, परवा घरी आणतोय. वॉकर भाड्याने कुठे मिळेल? दुकानवाला महिन्याचं डिपॉझिट खूप सांगतोय. आम्ही ख्रिस्ती नाही.

वसईची_वाडी
भाडं नाही लागत. आमच्या चर्चमध्ये वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी ठेवलेली असते, काम झालं की परत आणायची. वडिलांची उंची सांगा, वॉकरचे पाय त्याप्रमाणे लावून ठेवते. मेसेज करते तुम्हाला.

पापडीची_ताई
@एकटी_सून_विरार रविवारी सकाळी मी मोकळी असते. दोन तास सासूबाईंजवळ बसेन, तू मिस्साला जाऊन ये. किंवा नुसती झोप. अंगाई कुठली म्हणतेस ते तेवढं सांगून ठेव

नालासोपारा_पश्चिम
पाच फूट सहा. गादीपण मिळेल का?

वसईची_वाडी
मिळेल. पंप चालतो का बघून ठेवते आजच.